पापुद्र्याचं तापमान

मु. साकोलीजवळ, जि. भंडारा
११ जानेवारी १९८७

ती. नानामामा,

पायांवर डोकं ठेवायला इथून औरंगाबाद फार लांब पडतं, म्हणून तंबूतच वाकले आहे. मामीलाही नमस्कार सांगा.

तुमचं पत्र मिळालं. वैजापूरच्या आप्पासाहेबांचा मुलगा ज्युनिअर इंजिनिअर आहे, उंच आहे, सुपारीसुद्धा खात नाही, आणि त्यांची एकच अट आहे की लग्नानंतर सुनेनं दगड फोडत हिंडायचं नाही, हे सगळं वाचलं. मामा, दगड फोडण्याखेरीज मला दुसरं येतं काय?

तुम्ही विचारता, दगडच बघायचे तर आपल्याकडं कमी आहेत का. रागावू नका, पण आपला दगड सगळा एकाच कढईतून ओतलेला, काळा आणि एकसुरी. मला हवा तो दगड जमिनीच्या पोटात गाडला गेलेला, न वितळता नुसता भाजून निघालेला. तो इथं आहे. माझ्या प्रबंधाचा प्रश्न एवढाच, की तो किती तापला होता. तेव्हा त्याच्या काखेत थर्मामीटर लावायला तर कोणी नव्हतं.

मग करायचं काय, तर शेजारी वाढलेली दोन वेगळी खनिजं शोधायची. माझी आहेत गार्नेट आणि काळा अभ्रक. गार्नेट लाल, डाळिंबाच्या दाण्याएवढं. अभ्रक पापुद्र्यापापुद्र्यांचा. दोघांच्याही अंगात लोह असतं आणि मॅग्नेशियम असतं. दगड तापला की ती दोघं आपसात देवाणघेवाण सुरू करतात. जितकी धग जास्त, तितकं गार्नेटमध्ये मॅग्नेशियम जास्त. मग दगड निवत जातो, दोघांचे हात आखडतात, आणि व्यवहार जिथं थांबला तिथलं प्रमाण तसंच गोठून राहतं. कोट्यवधी वर्षांनी तुमची आवडी जाते, दोघांच्या अंगात काय किती आहे ते मोजते आणि सांगते, बाबांनो, तुम्ही इतक्या अंशांवर एकत्र होतात! एकट्या गार्नेटला विचारून हे कळत नाही, एकट्या अभ्रकाला विचारूनही नाही. दोघंही लागतात. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वर्गातच टाळी वाजवावीशी वाटली होती.

म्हणून एक मागते. वैजापूरकरांना थोपवा. तापमान हातात आलं की मी स्वतः येते, साडी नेसते आणि पोह्यांची बशी घेऊन उभी राहते. शब्द.

तुमची
आवडी

ता. क. इथं सगळे भातखाऊ. मी ज्वारीचं पीठ आणलंय. तंबूसमोर भाकरी थापायला बसले की माणसं तमाशा बघितल्यासारखी गोळा होतात.


शहागंज, औरंगाबाद
२५ जानेवारी १९८७

चि. आवडी,

मामाचा आशीर्वाद नेहमीचाच समज, आज सांगण्यासारखं फार आहे.

आधी तक्रार. आपल्या दगडाला एकसुरी म्हणालीस. त्या एकसुरी दगडात अख्खी लेणी कोरलीत, आणि तुझी मामी त्याच लेण्यांच्या पायथ्याची, फर्दापूरची. तिला तुझं वाक्य वाचून दाखवलं नाही, यातच माझं प्रेम समज.

आता खरी गोष्ट. तुझं पत्र मी वाचलं, परत वाचलं, आणि टोपी घालून दाऊदच्या बांगड्यांच्या दुकानात जाऊन बसलो. जन्मभर मी लग्नं जुळवली. पत्रिका बघितल्या, शेती बघितली, मुलाची नोकरी बघितली, मुलीचे नाकडोळे बघितले. पण जुळवलेली जोडपी पुढं किती तापली, हे मोजायचं साधन माझ्याकडं नव्हतं. ते तू दिलंस! नवरा-बायको शेजारी राहिली की एकमेकांचं काही ना काही उचलतातच. तिचं त्याच्यात किती आलं आणि त्याचं तिच्यात किती गेलं, एवढंच बघायचं.

दाऊदच्या दुकानात जोडप्यांना तोटा नाही. एक कापडवाला आला. भाव करताना तो बायकोसारखी मान वाकडी करून "बघा बाई" म्हणाला, आणि बायको त्याच्यासारखी अंगठा जिभेला लावून नोटा मोजत होती. भट्टीच की! मी इतका टक लावून बघत होतो की दाऊदनं माझा सदरा ओढला. "नानासाब, क्या कर रै तुम? गिराइकां को ऐसा घूरे तो दुकान बंद करना पडता मेरेकू!" मी त्याला सगळं समजावलं. तर तो हळूच म्हणाला, "हमारा भी देखो ना." बघितलं. अनवरीभाभी पान दाऊदसारखं डाव्या गालात धरतात, आणि दाऊद दुकानाला कुलूप लावल्यावर भाभींसारखं दार दोनदा ढकलून बघतो. मी भरपूर मोठा आकडा सांगितला. त्यानं चहा मागवला.

घरी आलो आणि तुझ्या मामीचं निरीक्षण करायला बसलो. काही सापडेना. ती तिच्यासारखी, मी माझ्यासारखा. आमचं तापमान निघत नाही, आवडी. मनाला लागलं. तिला बोललो तर म्हणाली, "आधी ताटातलं निवायलंय ते खावा."

वैजापूरला वैशाखापर्यंत थांबायला सांगितलंय. त्यांनी मान्य केलं, पण मध्यस्थ म्हणून शब्द माझा गुंतला आहे हे ध्यानात ठेव. तापमान आलं की तू यायचंस.

नानामामा

(मामी सांगते ते लिहितो: अंगावर मांस येऊ दे. आणि भाकरीचा वरचा पापुद्रा सोलून ताटाच्या कडेला ठेवून शेवटी खायची तुझी लहानपणची खोड अजून आहे का? परक्या माणसांत बरं दिसत नाही.)


नागपूर
८ मार्च १९८७

ती. नानामामा,

नाचले आणि मग रडले, त्या क्रमानं सांगते.

हैदराबादच्या प्रयोगशाळेतून आकडे आले. तिथं एक यंत्र दगडाच्या पातळ चकतीवर केसाहून बारीक किरण मारतं आणि त्या जागी काय किती आहे ते सांगतं. किरण कुठं मारायचा त्या खुणा मी करून दिल्या होत्या. गणित मांडलं. चारशे ऐंशी अंश! मी वसतिगृहाच्या गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांमधून नाचले. काही पापड मेले.

मग आकडा सरांना दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पोट धरून हसले. म्हणाले, "आवडाबाई, हा दगड एवढ्याशा धगीवर तयारच होत नाही. तुम्ही त्या दोघांना निरोप घेताना मोजलंत."

झालं असं, की मी खुणा नेमक्या गार्नेट आणि अभ्रक एकमेकांना टेकलेत त्या कडेवर केल्या होत्या. मला वाटलं, शेजारी म्हणजे चिकटलेलेच हवेत. पण टेकलेल्या कडा दगड निवत असतानाही देणं-घेणं करत राहतात. त्यांच्यात राहते ती शेवटची, कोमट धग. खरी धग गार्नेटच्या पोटात, अगदी मधोमध राहिलेली असते, आणि तिच्याशी ताडून बघायचा तो अभ्रकही जरा लांबचा, गार्नेटला न टेकलेला. आता सगळं पुन्हा मोजायचं. तुम्हाला वाटेल पोरगी वैशाख टाळतेय. नाही हो मामा, मला तो आकडा खरंच हवा आहे, मग त्यानंतर काही होवो.

आमच्यात एक टेकचंद रहांगडाले म्हणून आहेत. सरांचेच विद्यार्थी, साकोलीकडच्याच एका गावचे. कामापुरतं बोलणं होतं. ते नव्या खुणांच्या चकत्या घेऊन हैदराबादला जातील आणि परतताना औरंगाबादवरून येतील. अजिंठा बघायचा आहे म्हणे. मामीसाठी त्यांच्याबरोबर गार्नेटचा एक दगड पाठवते. त्यांना जेवायला घाला, बाकी काही नाही.

दगडाचं चित्र खाली काढलंय. केवढा आहे ते कळावं म्हणून शेजारी काड्यापेटी काढली आहे, आणि कोपऱ्यातला बाण उत्तर दिशेचा. जागायला लागतं म्हणून हल्ली कोरा चहा घेते, लिंबू पिळून, बिनसाखरेचा. मामीला सांगू नका, तिला वाटेल मी आजारी आहे.

बाकी खरंच काही नाही.

आवडी


शहागंज, औरंगाबाद
१६ एप्रिल १९८७

चि. आवडी,

तुझे कामापुरते रहांगडाले येऊन गेले.

हे आडनाव उच्चारायला मधे श्वास घ्यावा लागतो, म्हणून मी त्याला टेकचंदच म्हणालो. सकाळी दारात उभा, खांद्यावर पोतं, पोत्यात तुझा दगड. मामीनं दगड हातात घेतला, त्यातले लाल मणी बघितले आणि सांगितलं की देवघरात नको, कपाटात ठेवू. मग विचारलं, "चहा कसा घेता?" तर तो म्हणतो, "कोरा. लिंबू असेल तर पिळून. साखर नको." मामी घाबरली. "पोट बिघडलं का रं बाबा?" "नाही, आमच्या घरी सगळे असाच घेतात." मी तुझं पत्र आठवलं. एकेकाळी तुझ्या चहात चमचा उभा राहायचा, आवडी.

मग म्हटलं, शहागंजातून बसस्टँडला कसं जायचं ते दाखवतो. तर त्यानं खिशातून कागद काढला, मी सांगितला तसा रस्ता रेखाटला, वरच्या कोपऱ्यात बाण काढला आणि घंटाघराशेजारी, काय काढावं? काड्यापेटी! म्हणजे ही खोडही त्याचीच. त्याचं तुझ्यात काय गेलं, ते मला कळलं. पण अर्ध्यावर तापमान निघत नाही असं तूच लिहिलंस. तुझं त्याच्यात काय आलं?

मी उलटतपासणी घेतली. "आवडाबाईंचं काम कसं चाललंय?" तो छताकडं बघून म्हणाला, "कामापुरतं बोलणं होतं." शब्दाला शब्द तुझाच! दोन साक्षीदारांची जबानी इतकी जुळली की काय समजायचं, हे मला सांगायला नको. माझी उभी नोकरी कोर्टात पेशकारी करण्यात गेली. मामीनं विचारलं, "अजिंठा कसा वाटला?" म्हणाला, "छान आहे. रंगवलेला आहे." माझी हसता हसता टोपी पडली. हैदराबादहून नागपूरला सरळ गाडी जाते, आवडी. हा गडी अजिंठ्याच्या वाटेला गेलाच नव्हता, आमच्याच वाटेला आला होता.

पण हे सगळं झालं कडेचं मोजमाप. माझ्यासमोर तो आखडून बसलेला, तुझं नाव निघालं की सावध. तू लिहिलंस ना, खरं मोजायचं ते पोटातलं, आणि तेही दोघं टेकलेले नसताना. तू तिकडं, तो इकडं. मी वाट बघत बसलो.

मामीनं भाकरी वाढली, पिठलं, ठेचा. भाताच्या मुलखात वाढलेला माणूस, याला भाकरी तोडता तरी येईल का, अशी मला शंका. आणि त्यानं काय करावं? बोटांनी वरचा पापुद्रा अलगद सोलला, ताटाच्या कडेला ठेवला, बाकीची भाकरी संपवली आणि शेवटी तो पापुद्रा डोळे मिटून खाल्ला! आपण काय केलं हे त्याच्या गावीही नव्हतं. मामीच्या हातातला पळा तसाच. मी ओरडलो, "अगं बाई!"

तेव्हा मामी फिसकन हसली. म्हणाली, "हे अगं बाई माझं हाय. तुम्ही कधी उचललं?" मला खरंच ठाऊक नाही. आणि ती वळून उरलेल्या भाकऱ्या मोजायला लागली, "नौ, दस, ग्यारा." शाळेचं तोंड न बघितलेली बाई उर्दूत मोजते, आवडी! निजामाच्या शाळेत मी शिकलो, तिनं माझ्याकडून घेतलं, आणि मी आजवर ऐकलंच नाही. आमचं तापमान निघालं. मी दाऊदला जाऊन सांगून आलो.

दुसऱ्या दिवशी टेकचंदला नागपूरच्या गाडीत बसवून दिलं.

आता हसणं बाजूला ठेवतो. वैजापूरकर दहा मेच्या रविवारी येतायत. माझा शब्द तिकडं आहे, आणि तुझ्या आईनं तर सगळं माझ्यावर सोडलंय. मुलाची जात वेगळी, मुलूख वेगळा. तुझ्या मनात काय आहे ते स्वच्छ लिही. मामाला लिहिताना कडेकडेनं लिहू नकोस.

नानामामा


नागपूर
२६ एप्रिल १९८७

ती. मामा,

सहाशे वीस! सहाशे वीस अंश! वेगवेगळ्या चकत्यांवर मोजलं, सगळीकडं त्याच्याच आसपास. सरांनी या वेळी चष्मा काढला नाही, नुसते "हं" म्हणाले, आणि त्यांचं "हं" म्हणजे पेढे वाटण्यासारखं असतं. पन्नास अंश इकडं-तिकडं होऊ शकतात, पण या पद्धतीत तेवढं चालतं. पापडांची गच्ची मोकळी होती, पोटभर नाचले.

आता तुमचं उत्तर. हो.

कडेकडेनं नाही लिहीत. हो, हो आणि हो. गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघं नदीपलीकडं अडकलो होतो, शिधा संपला होता, माझ्याकडं ज्वारीचं थोडं पीठ होतं. एक भाकरी झाली. त्यानं ती अर्धी केली, आणि मी पापुद्रा कडेला ठेवला म्हणून त्यानं त्याचाही पापुद्रा काढून माझ्या कडेला ठेवला, कारण त्याला वाटलं मला तेवढाच आवडतो. मामा, त्या दिवशी मला कळलं. तो स्वतः पापुद्रा शेवटी खातो हे मात्र तुमच्या पत्रातून कळलं. ते वाचून मी वसतिगृहाच्या जिन्यावर बसून रडले, आणि मग हसले.

तो परत आल्यापासून तोंड उघडत नाही. "मामांनी शपथ घातलीय" एवढंच म्हणतो आणि दगडांकडं बघून हसतो. काय केलंत त्याला?

पण भीती आईची वाटते. बाबा गेल्यापासून तिनं स्वतःसाठी काही मागितलं नाही. फक्त मुलगी आपल्यात, आपल्या लोकांत पडावी एवढंच. तिला मी दुसऱ्या जातीचा मुलगा कोणत्या तोंडानं सांगू? ती नाही म्हणाली तर तिच्याशी भांडायचं बळ माझ्यात नाही. तापमान आलं की येईन असा शब्द दिला होता, तो पाळते. दहा तारखेला साडी नेसून पोहे घेऊन उभी राहीन. पण वैजापूरकरांना त्यांच्या तोंडावर सांगेन की दगड सोडणार नाही, आणि टेकचंदला तर मुळीच नाही. मग तुमचा शब्द मोडला म्हणून मला काय बोलायचं ते बोला.

आवडी


शहागंज, औरंगाबाद
३ मे १९८७

चि. आवडी,

पोहे भिजवू नकोस. वैजापूरकर येत नाहीत.

टेकचंदला नागपूरच्या गाडीत बसवून दिलं असं मी लिहिलं होतं. खोटं नव्हतं. पण त्या गाडीत मीही बसलो, आणि जालना रस्त्यानं ती तुमच्या करमाडला थांबली तेव्हा त्याला हाताला धरून खाली उतरवलं. शपथ घातली ती याचीच, की तुला एक अक्षर सांगायचं नाही. तुझा हो येईपर्यंत मला बोलायचं नव्हतं.

तुझ्या आईला म्हटलं, "द्वारके, हा आवडीच्या कॉलेजातला. जेवायला घाल." तिनं विचारलं, "कोण लोक?" मी म्हटलं, "रहांगडाले." तिनं ते आडनाव मनातल्या मनात उलटंसुलटं करून बघितलं, आपल्यात कुठं बसेना, आणि चेहरा बंद करून चुलीपुढं गेली. मी वाटेत एक भाषण तयार केलं होतं. की बाई, एकाच जातीचे दोन दगड शेजारी ठेवले तर त्यांचं तापमान कोणालाही काढता येत नाही, त्याला दोन वेगळेच लागतात, हे मी नाही, तुझी लेक सांगते. फार सुंदर भाषण होतं. घसा खाकरून तयार होतो.

तिनं गरम भाकरी टाकली. त्यानं पापुद्रा सोलला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

तुझ्या आईचा हात परातीतच थांबला. तिनं त्या ताटाकडं बघितलं. मग म्हणाली, "हे कोन शिकवलं रं तुला?" टेकचंद गोंधळला. म्हणाला, "काय? हे? आवडा असंच खाते. बघून बघून लागलं असेल." तुझी आई म्हणाली, "आवडीचं न्हाय ते. तिच्या बापाचं हाय."

आवडी, मला माहीत नव्हतं. काकासाहेबांच्या, तुझ्या बाबांच्या शेजारी मी कितीदा पंगतीला बसलो असेन, पण शेजारच्याच्या ताटात कोण बघतो. ते वाढणाऱ्या बाईला दिसतं. ते गेले तेव्हा तू एवढीशी होतीस. त्यांच्याकडून तुझ्यात आलं, तुझ्यातून या भंडाऱ्याच्या पोरात गेलं, आणि ते तिच्या चुलीसमोर येऊन बसलं. तिनं दुसरी भाकरी त्याच्या ताटात टाकली आणि वाटीत उरलेलं तूप त्याच्याच पापुद्र्यावर सोडलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "नाना, वैजापूरला काय कळवायचं ते तू बघ." माझं भाषण तसंच राहिलं.

ते मी वैजापूरला जाऊन आप्पासाहेबांना ऐकवलं. त्यांना त्यातलं काडीचंही कळलं नाही, पण एवढं कळलं की ही मुलगी दगड सोडणार नाही. ते म्हणाले, "मग राहू द्या, नानासाहेब." शब्द माझा मोडला. नाक कापलं गेलं असं काही वाटलं नाही, उलट येताना एसटीत शीळ घालत आलो. बाईमाणसं वळून बघत होती.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी टेकचंदला दुपारच्या गाडीत बसवून मी करमाडच्या घरी परत आलो. द्वारकी सगळ्यांच्या मागून एकटी जेवायला बसली होती, चुलीकडं तोंड करून, रोज बसत असेल तशी. मी दारात उभा राहिलो. तिला कळलं नाही. तिच्या ताटाच्या कडेला पापुद्रा काढून ठेवलेला होता.

दोघं मिळून या. साडी नेसायची गरज नाही. खाली तुझ्या आईची भाकरी काढली आहे, केवढी ते कळावं म्हणून शेजारी काड्यापेटी. कोपऱ्यात बाणही आहे, पण तो उत्तरेचा नाही, करमाडचा आहे.

नानामामा